रशियात सेन्सॉर बोर्ड नाही, मग पडद्यावर काय दिसावं हे ठरवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "रशियातला टीव्ही आणि सिनेमा पूर्ण सरकारच्या मुठीत आहे असं आपण ऐकतो. मग भ्रष्ट महापौर दाखवणारा 'लेव्हियाफान' किंवा अलीकडचा 'मास्टर आणि मार्गारिता' सरकारी पैशातून निघतातच कसे? की मूठ वगैरे सगळी पाश्चात्त्यांनी उठवलेली आवई?"

मी वीसेक वर्षं रशियन भाषांतर करतो. सुरुवात यंत्रांच्या माहितीपुस्तिकांपासून झाली, पुढे सिनेमांची सबटायटलं आली आणि मधली काही वर्षं रोज संध्याकाळी मॉस्कोच्या बातम्या ऐकून गोषवारा लिहिण्यात गेली. तेव्हा हे उत्तर पडद्यासमोर बसून कान किटलेल्या माणसाचं आहे असं समजा. मूठ आहेच, पण हाताची पाचही बोटं सारखी नसतात. टीव्हीवर ती घट्ट आवळलेली आहे, सिनेमावर तिचा जोर पैशातून चालतो, आणि इंटरनेटवर ती गेल्या काही वर्षांत आवळत चाललीय.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. रशियाच्या 1993च्या राज्यघटनेतलं 29वं कलम सेन्सॉरशिपला सरळ मनाई करतं. आपल्याकडे बोर्ड बसतं, 'हा शब्द म्यूट करा, ते दृश्य कापा' असं लेखी कळवतं आणि निर्माता कोर्टात जातो. तसं बोर्ड तिथे नाही. तिथे चार गोष्टी असतात: चॅनेलची मालकी, निर्मितीचा पैसा, प्रदर्शनाच्या परवान्याचा कागद आणि उद्या काय होईल याची धास्ती. चौथी गोष्ट सगळ्यात स्वस्त पडते आणि सगळ्यात जास्त काम करते.

टीव्हीपासून सुरू करतो, कारण पुतिन यांची सत्ता टीव्हीवरच लोकांना पहिल्यांदा दिसली. 31 डिसेंबर 1999च्या दुपारी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी कॅमेऱ्यासमोर राजीनामा दिला आणि त्याच मध्यरात्री नववर्षाचं भाषण करायला पुतिन आले. पाच महिन्यांपूर्वी हा माणूस कोण, हे सामान्य रशियन माणसाला धड सांगता आलं नसतं. पण कॅमेऱ्याची ओळख त्यांना जुनी होती. 1992मध्ये ते पीटर्सबर्गच्या महापौर कार्यालयात असताना इगोर शादखान या दिग्दर्शकाने एक माहितीपट केला. त्यात पुतिन व्होल्गा गाडी चालवतात आणि मागे संगीत वाजतं ते 1973च्या एका प्रचंड गाजलेल्या मालिकेचं, जिच्या शेवटी नाझींच्या गोटात शिरलेला सोव्हिएत हेर श्टिर्लित्स बर्लिनच्या दिशेने गाडी हाकतो. केजीबीत, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर खात्यात, नोकरी केल्याची कबुली द्यायची, पण ती लोकांच्या लाडक्या हेराच्या संगीतावर. ज्याला सुचलं त्याला दाद दिली पाहिजे.

आता बाहुल्यांची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं. एनटीव्ही नावाचं खासगी चॅनेल 1993मध्ये सुरू झालं, मालक व्लादिमीर गुसिन्स्की. त्यावर 1994पासून 'कुक्ली', म्हणजे 'बाहुल्या', हा राजकीय खिल्लीचा कार्यक्रम लागायचा. येल्त्सिन यांची बाहुली वर्षानुवर्षं दारुडी, गोंधळलेली, भिकाऱ्यासारखी दाखवली गेली आणि चॅनेल चालू राहिलं. जानेवारी 2000मध्ये लेखक व्हिक्टर शेन्देरोविच यांनी हॉफमनच्या जर्मन परीकथेवर एक भाग लिहिला: कुरूप बुटका पोरगा, परीच्या जादूमुळे सगळ्यांना देखणा आणि गुणी वाटतो, आणि दुसऱ्यांच्या कर्तबगारीचं श्रेय आपोआप त्याच्या पदरात पडतं. बुटक्याचा चेहरा पुतिन यांचा. पीटर्सबर्ग विद्यापीठातल्या काही मान्यवरांनी खटला भरण्याची मागणी करणारं पत्र छापून आणलं.

शेन्देरोविच सांगतात त्याप्रमाणे त्यानंतर वरून निरोप आला की पहिल्या माणसाची बाहुली पडद्यावर नको. बरं, म्हणाले, बाहुली नको. पुढच्या एका भागात मोझेसला दहा आज्ञा मिळतात तो प्रसंग घेतला. राष्ट्राध्यक्षांच्या जागी नुसता ढग आणि जळतं झुडूप. बाहुली नाहीच! आणि त्या अदृश्य देवाची ओळख करून दिली 'गोस्पोद बोग', थोडक्यात 'गे-बे' अशी. रशियनमध्ये 'परमेश्वर' या दोन शब्दांची आद्याक्षरं नि गुप्तचर खात्याच्या नावातली आद्याक्षरं एकच आहेत. हा विनोद मी वर्गात शिकवायला घेतो तेव्हा मराठीत तो बसत नाही. दरवेळी फळ्यावर लिहून दाखवावा लागतो.

जून 2000मध्ये गुसिन्स्कींना अटक झाली, आणि 14 एप्रिल 2001ला एनटीव्हीचा ताबा गाझप्रोम या सरकारी गॅस कंपनीकडे गेला. कुणी म्हटलं नाही की बाहुल्यांमुळे. कागदोपत्री विषय थकलेल्या कर्जाचा होता, आणि कर्ज खरंच होतं. सुंठीवाचून खोकला गेला. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांचा नमुना याच प्रकरणात तयार झाला: राजकीय काम नेहमी व्यवहाराच्या भाषेत करायचं. कधी कर्ज, कधी अग्निशमन दलाची तपासणी, कधी केबलवाल्याचा करार. एनटीव्हीतून बाहेर पडलेले पत्रकार टीव्ही-6वर गेले, ते जानेवारी 2002मध्ये बंद. मग टीव्हीएसवर, ते जून 2003मध्ये बंद. 'कुक्ली'ही मधल्या मध्ये संपला.

दुसरं मोठं चॅनेल ओआरटी, म्हणजे आजचं 'पहिलं चॅनेल'. तिथे बेरेझोव्स्की या धनाढ्य उद्योजकाचा वरचष्मा होता, आणि पुतिन यांना निवडून आणण्यात याच चॅनेलने जिवाचं रान केलं होतं. ऑगस्ट 2000मध्ये कुर्स्क पाणबुडी बुडून 118 जण गेले. राष्ट्राध्यक्ष तेव्हा सोचीला सुट्टीवर होते. ओआरटीवर सेर्गेई दोरेन्को यांनी अधिकृत खुलाशांची एकेक करून चिरफाड केली आणि लवकरच त्यांचा कार्यक्रम गेला, पाठोपाठ बेरेझोव्स्की यांचाही हात सुटला. ज्याने शिडी धरली त्यालाच पहिली लाथ. पण इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी: हे दोन्ही धनाढ्य काही लोकशाहीचे पुजारी नव्हते. 1996च्या निवडणुकीत येल्त्सिन यांच्यासाठी याच चॅनेलांनी एकतर्फी प्रचार केला होता. टीव्ही हे हत्यार आहे हे पुतिन यांना त्यांनीच शिकवलं.

आज राज्याची थेट मालकी, गाझप्रोम-मीडिया आणि राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयांच्या हातातला नॅशनल मीडिया ग्रुप यांच्यात सगळी मोठी चॅनेलं वाटली गेली आहेत. संपादकांच्या क्रेमलिनमध्ये नियमित बैठका होतात, हे तिथून बाहेर पडलेल्या अनेकांनी सांगितलंय. तिथून जे मार्गदर्शक मुद्दे येतात त्यांना बोलीभाषेत 'मेतोदिच्का' म्हणतात. हा मुळात शिक्षकांच्या मार्गदर्शिकेचा शब्द. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. एकाच संध्याकाळी तीन चॅनेलांवरचे तीन वेगळे पाहुणे तीच उपमा देतात तेव्हा गोषवारा लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं, जांभया मात्र आवरत नाहीत.

भाषांतरकार म्हणून मला सगळ्यात जास्त छळलं ते एका शब्दाने: 'ख्लोपोक'. अर्थ टाळी, किंवा काहीतरी फट्‌ वाजल्याचा आवाज. काही वर्षांपूर्वी बातम्यांमधून 'व्झ्रिव', म्हणजे 'स्फोट', हळूहळू नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ख्लोपोक आला. इमारतीत गॅसचा ख्लोपोक, गोदामात ख्लोपोक. आगीला 'झादिम्लेनिये', म्हणजे धूर पसरणे. पूर आला तर 'पोदतोप्लेनिये', जरासं पाणी शिरणे. 'परिसरात टाळी वाजली, चार जण जखमी' असं मराठीत लिहायचं का? मी 'स्फोटसदृश आवाज' लिहायला लागलो आणि मग लक्षात आलं की मीही तेच करतोय. शेवटी 'स्फोट' लिहून कंसात मूळ शब्द देऊ लागलो.

24 फेब्रुवारी 2022ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर तर 'व्होइना', युद्ध, हा शब्दच अडचणीत आला. 'विशेष लष्करी कारवाई' म्हणा, फक्त अधिकृत स्रोत वापरा, असा माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या नियामक संस्थेचा फतवा पहिल्या काही दिवसांतच निघाला. 4 मार्चला लष्कराबद्दल 'खोटी' माहिती पसरवण्याला 15 वर्षांपर्यंत शिक्षेचा कायदा झाला. पहिल्या चॅनेलने करमणुकीचे कार्यक्रम बाजूला सारले आणि सकाळपासून रात्रीपर्यंत राजकीय चर्चाच लावल्या. या चर्चा तुम्ही कधी पाहिल्या असतील तर आपल्याकडच्या रात्री नऊच्या आरडाओरड्याची आठवण येईल. फरक असा की तिथे आरडाओरडा करणारा विरोधकही नेमलेला असतो. एखादा 'पाश्चात्त्य मताचा' पाहुणा दर आठवड्याला मार खायला स्टुडिओत येऊन बसायचा.

14 मार्च 2022ला पहिल्या चॅनेलच्या रात्री नऊच्या 'व्रेम्या' बातमीपत्रात त्याच चॅनेलच्या संपादक मारीना ओव्स्यान्निकोव्हा निवेदिकेच्या मागे फलक घेऊन उभ्या राहिल्या. युद्ध थांबवा, प्रचारावर विश्वास ठेवू नका, इथे तुमच्याशी खोटं बोललं जातंय, असा आशय. निवेदिका येकातेरीना आंद्रेयेव्हा न थांबता वाचत राहिल्या, आवाज थोडा चढला इतकंच. काही सेकंदांत एका रुग्णालयाची चित्रफीत लावली गेली. मी ती फीत बऱ्याचदा पाहिलीय, आणि दरवेळी लक्ष निवेदिकेकडेच जातं.

आता सिनेमा, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न.

रशियन सिनेमा सरकारी पैशाशिवाय क्वचितच उभा राहतो. पैसा संस्कृती मंत्रालयाकडून येतो, 'फोंद किनो' या चित्रपट निधीकडून येतो, आणि अलीकडे वेब मालिकांसाठी इंटरनेट विकास संस्थेकडून येतो. पण पैसा देणारं हे एकच डोकं नाही. समित्या आहेत, निर्माते आहेत, ओळखीपाळखी आहेत, आणि पटकथा मंजूर होण्यापासून सिनेमा लागेपर्यंत तीन-चार वर्षं जातात. तेवढ्यात देशाची हवा बदलते. 'लेव्हियाफान'चं तेच झालं. झ्व्यागिन्त्सेव यांच्या या 2014च्या सिनेमाला खर्चाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी मदत मंत्रालयाची होती. मधल्या काळात रशियाने युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतला, आणि उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या गावातला महापौर, पाद्री आणि न्यायाधीश मिळून एका माणसाचं घर गिळतात ही गोष्ट एकदम देशद्रोही वाटू लागली. तत्कालीन मंत्री मेदिन्स्की यांनी नापसंती जाहीरपणे बोलून दाखवली. बंदी मात्र नाही. पडद्यावरच्या शिव्यांना मनाई करणारा कायदा 1 जुलै 2014पासून लागू झाला होता, त्यामुळे शिव्या गाळून फेब्रुवारी 2015मध्ये तो थिएटरात लागला. तोवर तो इंटरनेटवर फुटलाही होता. झ्व्यागिन्त्सेव यांनी पुढचा सिनेमा सरकारी पैसा न घेता केला. गोष्ट तिथेच मिटली. कुणाला तुरुंगात टाकावं लागलं नाही.

परवान्याच्या कागदाचं उदाहरण हवं तर 'द डेथ ऑफ स्टालिन' घ्या. हा ब्रिटिश विनोदी सिनेमा 25 जानेवारी 2018ला रशियात लागणार होता. प्रमाणपत्र मिळालेलं होतं. दोन दिवस आधी, 23 तारखेला, ते परत घेतलं. मॉस्कोच्या 'पिओनेर' थिएटरने तरीही खेळ लावले, आणि पोलीस दारात आले. प्रमाणपत्राचा मूळ हेतू चाचेगिरी रोखणे आणि वयोगट ठरवणे. पण कागद द्यायचा अधिकार ज्याच्याकडे, कागद काढून घ्यायचाही त्याच्याकडेच.

इतिहासावरच्या सिनेमांबाबत सरकार जास्त हळवं आहे. 1941मध्ये मॉस्कोच्या वेशीवर जनरल पानफिलोव यांच्या डिव्हिजनचे 28 सैनिक रणगाड्यांपुढे धारातीर्थी पडले, ही सोव्हिएत शाळेतली गोष्ट. राज्य अभिलेखागाराचे संचालक सेर्गेई मिरोनेन्को यांनी 2015मध्ये जुने दस्तऐवज प्रसिद्ध केले: ही गोष्ट पत्रकारांनी रचली होती, हे सोव्हिएत लष्करी अभियोक्त्यांनाच 1948मध्ये माहीत होतं. पुढच्या वर्षी मिरोनेन्को संचालकपदावरून गेले. त्याच वर्षी लोकवर्गणी आणि मंत्रालयाच्या मदतीने या 28 जणांवरचा सिनेमा लागला. आपल्याकडे ऐतिहासिक सिनेमांवरून जे वाद होतात ते पाहिलेल्या मराठी वाचकाला इथे फार समजावून सांगायला नको. फक्त आपल्याकडे रस्त्यावरचा जमाव पुढे असतो आणि सरकार मागून येतं. तिथे बहुधा उलट.

आणि 'मास्टर आणि मार्गारिता'. बुल्गाकोव यांची कादंबरी, दिग्दर्शक मिखाईल लॉकशिन, जन्म अमेरिकेतला, बालपण मॉस्कोतलं. चित्रीकरण 2021चं, फोंद किनोचा मोठा पैसा, वितरण एका अमेरिकन स्टुडिओकडे. मग युद्ध सुरू झालं. स्टुडिओ रशियातून निघून गेला, लॉकशिन यांनी युद्धाला उघड विरोध केला, आणि सिनेमा लटकला. 25 जानेवारी 2024ला तो एकदाचा लागला तेव्हा पडद्यावर काय दिसलं? लेखकाचं नाटक बंद पडतं, सहकारी सभेत उभे राहून त्याला झोडतात, मग वेड्यांचं इस्पितळ. 1930च्या दशकातलं मॉस्को, पण बघणारे आजचे. युद्धसमर्थक ब्लॉगर आणि टीव्हीवरचे अँकर भडकले, लॉकशिन यांच्यावर गुन्हा दाखल करा अशी मागणी झाली. थिएटरांत मात्र रांगा लागल्या आणि गल्ला दोन अब्ज रूबलच्या पुढे गेला.

बंदी का घातली नाही? माझा अंदाज साधा आहे. पैसा सरकारचाच बुडाला असता, बुल्गाकोव हे शाळेत शिकवले जाणारे लेखक आहेत, आणि हॉलिवूड निघून गेल्यावर थिएटरवाल्यांना जगवणारे सिनेमे हवेच होते. त्यात कट वगैरे असेल असं मला वाटत नाही. सरकार एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळत होतं आणि त्यातली एक हातातून निसटली.

थिएटरांची ती अवस्था समजून घेण्यासाठी एक गंमत सांगतो. 2022च्या वसंतात मोठे अमेरिकन स्टुडिओ गेले. 2023च्या उन्हाळ्यात 'बार्बी' तर लोकांना बघायचाच होता. मग युक्ती निघाली. तुम्ही तिकीट काढायचं एका दहा-पंधरा मिनिटांच्या रशियन लघुपटाचं, ज्याला रीतसर प्रमाणपत्र आहे. त्याआधी 'खेळापूर्वीची सेवा' म्हणून दोन तासांचा अमेरिकन सिनेमा फुकट. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही तिकिटाच्या खिडकीवर, सगळ्यांना माहीत असताना. मंत्रालय अधूनमधून डोळे वटारायचं.

उलट, सरकारला मनापासून हवे असलेले सिनेमे सहसा आपटतात. क्रिमियाच्या पुलावरची 2018ची प्रेमकथा, जिची पटकथा आरटी वाहिनीच्या मुख्य संपादक मार्गारिता सिमोन्यान यांची, टीकेची धनी झाली आणि गल्लाही भरला नाही. ऑगस्ट 2023मध्ये युक्रेनमधल्या कारवाईवरचा पहिला मोठा कथापट 'स्विदेतेल', म्हणजे 'साक्षीदार', आला. खुर्च्या रिकाम्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लोकांनी डोक्यावर घेतला तो 'चेबुराश्का', मोठ्या कानांचा, संत्र्यांच्या पेटीतून आलेला सोव्हिएत बालकथेतला प्राणी. रशियन सिनेमाच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा गल्ला त्याने जमवला. संध्याकाळभर टीव्हीवर युद्ध बघणाऱ्याला रविवारी पैसे देऊन पुन्हा तेच नको असतं. याला विरोध म्हणता येणार नाही, आणि पाठिंबाही म्हणता येणार नाही. मला विचाराल तर सरकारचं काम या पळण्यानेही भागतं.

वेब मालिकांचं उदाहरण एकच देतो. नोव्हेंबर 2023मध्ये आलेली 'स्लोव्हो पात्सना', साधारण 'गल्लीतल्या पोराचा शब्द'. 1980च्या दशकाच्या शेवटी कझानमध्ये शाळकरी पोरांच्या टोळ्या एकमेकांची डोकी फोडायच्या, त्याची गोष्ट. पैसा सरकारी संस्थेचा. तातारस्तानच्या बालहक्क अधिकारी बाईंनी बंदीची मागणी केली. शेवटच्या भागाची एक आवृत्ती आधीच फुटली, आणि अधिकृत आवृत्तीत शेवट वेगळा निघाला. गंमत सीमेपलीकडे झाली: क्षेपणास्त्रं झेलणाऱ्या युक्रेनमधली पोरंही ती मालिका बघत होती, तिथल्या संस्कृती मंत्रालयाला निषेध करावा लागला. आणि मालिकेत गाजलेलं तातार गाणं गाणारी गायिका युद्धाला विरोध करून रशियातून निघून गेलेली.

इंटरनेट बराच काळ मोकळं होतं. विरोधी नेते नवाल्नी यांचा, पुतिन यांचा म्हणून त्यांनी दाखवलेल्या काळ्या समुद्राकाठच्या महालावरचा जवळजवळ दोन तासांचा चित्रपट 19 जानेवारी 2021ला यूट्यूबवर आला आणि थोड्याच दिवसांत दहा कोटींवर वेळा बघितला गेला. टीव्ही नसला तरी चालेल अशी ती वेळ होती. 'दोझ्द', म्हणजे पाऊस, हे स्वतंत्र चॅनेलही तोवर केबलवरून हुसकावल्यानंतर इंटरनेटवरच जगत होतं. मार्च 2022च्या सुरुवातीला त्यांनी प्रक्षेपण थांबवलं तेव्हा कर्मचारी एकेक करून स्टुडिओतून बाहेर पडले आणि पडद्यावर 'स्वान लेक' बॅले लागला. ऑगस्ट 1991च्या बंडात सरकारी टीव्हीने बातम्यांऐवजी हाच बॅले लावून ठेवला होता. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक रशियन माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. यूट्यूब 2024च्या उन्हाळ्यापासून रांगू लागलं. अधिकारी म्हणाले, गूगलने सर्व्हरची देखभाल केली नाही. पुन्हा तीच व्यवहाराची भाषा. माझे तिथले ओळखीचे लोक व्हीपीएनवर बघतात. त्यांच्या आया टीव्हीच बघतात.

आता तुम्ही रशियन सिनेमा बघायला बसलात तर एक करा. सुरुवातीच्या पाट्या पळवू नका. मंत्रालयाचं, फोंद किनोचं, कुठल्या चॅनेल समूहाचं बोधचिन्ह आहे ते टिपून ठेवा, आणि सिनेमा कोणत्या वर्षी चित्रित झाला आणि कोणत्या वर्षी लागला हे शोधा. या दोन आकड्यांमध्ये अंतर जास्त असेल तर मधली कहाणी बहुधा सिनेमापेक्षा सरस असते. मग पोस्टर बघा. 'मास्टर आणि मार्गारिता'च्या रशियातल्या पोस्टरांवर कलाकारांची नावं आहेत, बुल्गाकोव आहेत, बोलणारा काळा बोकाही आहे. दिग्दर्शकाचं नाव तिथून काढून टाकलं होतं.